पोच मिळेपर्यंत बफर आपला नाही: लिनक्सवर आयओ-युरिंग हाताने उभं करताना

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने ऐरोली, रबाळे, महापे इथे डेटा सेंटरं उभी राहिली, आणि घणसोली-कोपरखैरण्यापासून वागळे इस्टेटपर्यंतच्या ऑफिसांतली कितीतरी मंडळी आज सर्व्हरच्या बाजूचं सी किंवा रस्ट लिहितात. त्यांच्यासाठी हे लिखाण आहे. विषय एकच: लिनक्समध्ये आयओ-युरिंगवर असिंक्रोनस, म्हणजे काम सोपवून तिथेच न थांबणारं, इनपुट-आउटपुट थेट सिस्टीम कॉल वापरून कसं उभं करायचं. रोजच्या कामाला लिबयुरिंग ही लायब्ररी आहे आणि ती वापरावीच. पण एकदा तरी तिच्याशिवाय, उघड्या कॉलवर रिंग, म्हणजे कर्नलशी बोलायची गोल रांग, उभी करून बघावी. मग लायब्ररी काय लपवते ते कळतं आणि अडचण आली की कुठे हात घालायचा तेही कळतं.

आधी हे सगळं लागतं कशाला ते पाहू. साधा रीड कॉल केला आणि डेटा पेज कॅशेत (फाइलचा जो भाग कर्नल मेमरीत ठेवतं त्यात) नसला, तर डिस्कवरून तो येईपर्यंत थ्रेड झोपतो. सॉकेटसाठी त्यावर ईपोल, म्हणजे कुठला डिस्क्रिप्टर तयार आहे ते सांगणारा कॉल, हा जुना उपाय आहे, पण साध्या फाइलला तो चालत नाही. ईपोल-सीटीएलला साध्या फाइलचा डिस्क्रिप्टर दिला तर सरळ ईपर्म मिळतं. ओ-नॉनब्लॉक लावून फाइल उघडली तर तक्रार येत नाही, पण परिणामही शून्य. साधी फाइल कर्नलच्या लेखी कायम 'तयार'च असते, मग खाली डिस्क कितीही वेळ घेवो. जुने आयओ-सबमिट आणि आयओ-गेटइव्हेंट्स हे कॉल खऱ्या अर्थाने असिंक्रोनस होतात ते बहुतांशी ओ-डायरेक्टने (पेज कॅशे टाळून) उघडलेल्या फाइलवरच. एरवी आयओ-सबमिट स्वतःच अडून बसतो आणि तसं सांगतही नाही. ग्लिबसी या सी लायब्ररीमधलं पॉझिक्स एआयओ तर पडद्याआड थ्रेडच वापरतं.

हे सगळं बघून येन्स आक्सबो यांनी आयओ-युरिंग लिहिलं आणि मे २०१९ मध्ये लिनक्स ५.१ सोबत ते कर्नलमध्ये आलं. ईपोल म्हणतं, 'आता वाचायला या.' आयओ-युरिंग म्हणतं, 'वाचून ठेवलंय, घेऊन जा.' या दोन वाक्यांमधल्या फरकातून पुढचं सगळं निघतं. 'वाचून ठेवलंय' असं म्हणायचं तर ठेवायची जागा आधीच देऊन ठेवावी लागते. ती जागा मधल्या काळात कुणाची, हा प्रश्न ज्याला नीट कळला त्याला आयओ-युरिंग कळलं.

रचना सरकारी कार्यालयातल्या अर्ज-पोच पद्धतीसारखी आहे. एका खिडकीत अर्ज द्यायचा, दुसऱ्या खिडकीतून पोच घ्यायची. अर्ज ज्या क्रमाने दिले त्याच क्रमाने पोच येईल याची हमी नाही. म्हणून प्रत्येक अर्जावर एक आवक क्रमांक असतो, फक्त इथे तो अर्जदाराने स्वतः घालायचा. इंग्रजी नावाला धरून अर्जाच्या रांगेला सबमिशन रांग आणि पोचेच्या रांगेला कम्प्लिशन रांग म्हणतात. दोन्ही रांगा कर्नल आणि आपला प्रोग्राम यांच्या सामायिक मेमरीत गोल फिरतात.

कॉल तीनच आहेत: आयओ-युरिंग-सेटअप, ज्याचा क्रमांक ४२५, आयओ-युरिंग-एंटर, ४२६, आणि आयओ-युरिंग-रजिस्टर, ४२७. ग्लिबसीत यांचे रॅपर नाहीत, म्हणून 'सिसकॉल' या फंक्शनला क्रमांक देऊन बोलावायचं.

सेटअपला दोन गोष्टी लागतात: किती जागांची रांग हवी तो आकडा, आणि १२० बाइटांचं पॅराम्स स्ट्रक्चर. हे स्ट्रक्चर आधी मेमसेटने पूर्ण शून्य करायचं. त्यातल्या राखीव जागांत कचरा राहिला तर कर्नल ईइन्व्हाल देतं, आणि चूक कुठे आहे ते शोधण्यात संध्याकाळ जाते. जागांचा आकडा दोनच्या घातात नसेल तर कर्नल तो वर नेतं: ५० मागितल्या तर ६४ मिळतात. कमाल ३२७६८. पोचेची रांग न सांगता दुप्पट होते, म्हणजे ६४ अर्जांना १२८ पोचा. कॉल यशस्वी झाला तर एक फाइल डिस्क्रिप्टर मिळतो आणि त्याच स्ट्रक्चरमध्ये कर्नल ऑफसेट भरून देतं. रांगेचं डोकं (पुढचं उचलायचं ती जागा) कुठे, शेपूट (नवं लिहायचं ती जागा) कुठे, मास्क (जागांचा आकडा वजा एक) कुठे, पोचा कुठून सुरू होतात, हे सगळं त्या ऑफसेटांवरून काढायचं. हे आकडे स्वतःच्या कोडमध्ये पक्के लिहू नयेत, ते कर्नलने दिले तसेच वापरावेत.

आता मेमरी मॅप करायची. तीन भाग असतात. सबमिशन रांगेचा ऑफसेट शून्य, कम्प्लिशन रांगेचा १३४२१७७२८ म्हणजे हेक्स ८००००००, आणि खुद्द अर्जांच्या तक्त्याचा २६८४३५४५६ म्हणजे हेक्स १०००००००. ५.४ पासून पहिले दोन एकाच मॅपिंगमध्ये बसतात. फीचर्स या फील्डचा सर्वांत खालचा बिट लागलेला असेल तर दोन्ही आकारांतला मोठा घेऊन एकदाच एमॅप करायचं. आकार असा काढायचा: सबमिशन रांगेसाठी अ‍ॅरेचा ऑफसेट अधिक जागा गुणिले ४, कम्प्लिशनसाठी सीक्यूईज या पोचांच्या तक्त्याचा ऑफसेट अधिक पोचांच्या जागा गुणिले १६, आणि अर्जांच्या तक्त्यासाठी जागा गुणिले ६४. आपल्या ६४ जागांच्या रांगेत अर्जांचा तक्ता बरोबर ४०९६ बाइट, म्हणजे एक पेज भरतो. मॅपिंग शेअर्ड हवं, वाचायची-लिहायची परवानगी हवी, आणि पॉप्युलेट लावलं तर सुरुवातीचे पेज फॉल्ट टळतात. प्रायव्हेट मॅपिंग केलं तर आपण शेपूट हलवत बसतो आणि कर्नलला त्याचा पत्ताच नसतो.

एक अर्ज ६४ बाइटांचा. पहिल्या बाइटमध्ये कामाचा क्रमांक, दुसऱ्यात फ्लॅग, चौथ्या ऑफसेटला फाइल डिस्क्रिप्टर, आठव्याला फाइलमधली जागा, सोळाव्याला बफरचा पत्ता, चोविसाव्याला लांबी आणि बत्तिसाव्या ऑफसेटला आपला आवक क्रमांक, म्हणजे युजर-डेटा. या ६४ बिटांत कर्नल डोकावत नाही, जसेच्या तसे पोचेवर उतरवून देतं. बहुतेक जण त्यात आपल्या रिक्वेस्ट स्ट्रक्चरचा पॉइंटर ठेवतात, आणि ते योग्यच आहे.

जागेवरचा जुना अर्ज पुन्हा वापरताना पूर्ण ६४ बाइट शून्य करायचे. आधीच्या अर्जातला एखादा फ्लॅग तसाच राहिला तर नवं काम जुन्या अटींवर चालतं.

अर्ज दाखल करायची चाल जवळून बघू. समजा शेपूट ६७ वर आहे आणि मास्क ६३. सदुसष्ट अँड त्रेसष्ट म्हणजे ३, तर अर्ज तिसऱ्या जागेवर लिहायचा. मग अ‍ॅरेच्या तिसऱ्या घरात ३ लिहायचा, कारण मधला अ‍ॅरे हा अर्जांच्या तक्त्याकडे बोट दाखवणारा थर आहे आणि नवखे हमखास तोच विसरतात. शेवटी शेपूट ६८ करायचं. डोकं आणि शेपूट कधी मास्क करून साठवायचे नाहीत, ते ३२ बिटांत मोकळे वाढत जातात. मास्क फक्त जागा काढताना. शेपूट वजा डोकं ६४ झालं की रांग भरली.

शेपूट लिहिताना स्टोअर-रिलीज वापरायचं. म्हणजे अर्जातले सगळे बाइट आधी दिसतील आणि मगच नवं शेपूट दिसेल. पोच वाचताना उलट: कम्प्लिशन रांगेचं शेपूट लोड-अ‍ॅक्वायरने वाचायचं, पोचेतली माहिती उचलायची, आणि मग डोकं स्टोअर-रिलीजने पुढे सरकवायचं. सी-अकराच्या अ‍ॅटॉमिक्समध्ये हे सरळ लिहिता येतं. इथे एक फसवणूक होते. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर लिहिण्याचा क्रम हार्डवेअरच पाळतं, त्यामुळे बॅरियर (क्रम पाळायला लावणारी वरची रिलीज-अ‍ॅक्वायर सूचना) विसरूनही प्रोग्राम महिनोन्महिने चालतो, कंपायलरने उलटापालट केली नाही तोवर. तोच कोड एआरएमच्या सर्व्हरवर नेला, आणि रांग कर्नलचा वेगळा थ्रेड वाचत असेल (पुढे येणारा एसक्यू-पोल), तर कधीतरी अर्धवट भरलेला अर्ज कर्नलच्या हाती पडतो. चुकीचा डिस्क्रिप्टर, विचित्र लांबी, आणि तेही हजारातून एखाद्या वेळी. ऑफिसातल्या मशीनवर चालतंय हा इथे पुरावा धरू नये.

आता एंटर. त्याला रिंगचा डिस्क्रिप्टर, किती अर्ज दिले तो आकडा, किमान किती पोचांची वाट बघायची तो आकडा, आणि वाट बघायची असेल तर गेटइव्हेंट्स हा फ्लॅग, ज्याची किंमत १. बत्तीस अर्ज भरून एकच एंटर केला की बत्तीस कॉलांचं काम एका कॉलमध्ये होतं. एंटर किती अर्ज उचलले ते परत सांगतं आणि तो आकडा दिलेल्यापेक्षा कमी असू शकतो. मधला एखादा अर्ज बिघडलेला असेल तर त्याची चूक पोचेवर येते आणि त्याच्या मागचे अर्ज तसेच राहू शकतात, म्हणून उरलेले पुन्हा द्यायची तयारी ठेवावी. वाट बघताना सिग्नल आला तर ईइंटर मिळतं. पुन्हा कॉल करायचा, घाबरायचं कारण नाही.

पोच १६ बाइटांची: आवक क्रमांक, निकाल, फ्लॅग. निकाल उणे असेल तर तोच एररचा क्रमांक. इथे एर्नो (कॉल फसल्यावर एररचा क्रमांक ठेवणारं व्हेरिएबल) बघायचं नाही. एर्नो हे एंटर या कॉलपुरतं आहे, आतल्या वाचन-लेखनाशी त्याचा संबंध नाही. वाचनाचा निकाल शून्य म्हणजे फाइल संपली. आणि मागितले ४०९६, मिळाले १७००, असंही होतं आणि ते कायदेशीर आहे. उरलेल्यासाठी ऑफसेट आणि पत्ता पुढे सरकवून नवा अर्ज द्यायचा. ऑफसेटच्या जागी उणे एक दिलं तर फाइलची चालू जागा वापरली जाते. पण एकाच फाइलवर एकाच वेळी अनेक अर्ज असतील तर हे कधीही करू नये, कोण कुठून वाचेल याचा भरवसा राहत नाही.

आता तो मूळ मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. अर्ज दिल्यापासून पोच हाती येईपर्यंत बफर कर्नलचा असतो. आपण तो वाचायचा नाही, बदलायचा नाही, आणि मोकळा तर अजिबात करायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण आयओ-युरिंगवरच्या चिवट बिघाडांत सर्वांत वाईट बिघाड इथलाच.

नमुना बघा. एका फंक्शनमध्ये ४०९६ बाइटांचा स्थानिक अ‍ॅरे घेतला, वाचनाचा अर्ज दिला, एंटर केलं आणि फंक्शनमधून परत आलो. तो अ‍ॅरे स्टॅकवर होता. आता तिथे पुढच्या फंक्शनची फ्रेम बसली आहे. काही मिलिसेकंदांनी डिस्कवरून डेटा येतो आणि कर्नल निमूटपणे त्याच पत्त्यावर चार केबी लिहितं: कुणाचा परतीचा पत्ता, कुणाचा लूप काउंटर, जे सापडेल त्यावर. प्रोग्राम कोसळतो तो भलत्याच, निर्दोष फंक्शनमध्ये. आणि खरी मेख पुढे आहे. चाचणी करताना तीच फाइल आधी कितीदा तरी वाचलेली असते, म्हणून डेटा पेज कॅशेत असतो. अशा वेळी कर्नल वाचन एंटरच्या आतच उरकून टाकतं, फंक्शन परत येण्याआधीच सगळं झालेलं असतं, आणि चाचणी हिरवी दिसते. थंड डिस्कच्या नव्या सर्व्हरवर गेल्यावर स्फोट होतो. मेमरीच्या चुका पकडणारा अ‍ॅड्रेस सॅनिटायझरही इथे मदत करत नाही, कारण लिहिणारा कर्नल आहे आणि त्याच्या लिहिण्यावर सॅनिटायझरची नजर नसते.

म्हणून चाचणी थंड कॅशवर करायची सवय लावा. रूट होऊन आधी सिंक चालवा, मग प्रॉक-सिस-व्हीएम या डिरेक्टरीतल्या ड्रॉप-कॅशेस फाइलमध्ये ३ लिहा आणि लगेच चाचणी चालवा. चालू सर्व्हरवर मात्र हे करू नका, सगळ्यांचंच वाचन काही काळ मंदावतं. कोडच्या रचनेत नियम एकच: बफर रिक्वेस्ट स्ट्रक्चरच्या आत किंवा त्याच्या मालकीत, त्या स्ट्रक्चरचा पॉइंटर युजर-डेटामध्ये, आणि मोकळं करणं फक्त पोच हाताळणाऱ्या एका जागी. अर्जाची ती ६४ बाइटांची जागा मात्र एंटर परत आल्यावर, अर्ज उचलला गेला असेल तर, लगेच वापरायला मोकळी असते. ५.५ पासून कर्नल त्यातली माहिती, रीडव्ही या वाचनाच्या कॉलचे आयओव्हेक (बफरचा पत्ता आणि लांबी यांच्या जोड्या) धरून, स्वतःकडे उतरवून घेतं. अर्जाचा कागद आणि बफर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, यांची गल्लत करू नये.

ओ-डायरेक्ट वापरत असाल तर बफरचा पत्ता, फाइलमधला ऑफसेट आणि लांबी तिन्ही डिव्हाइसच्या ब्लॉकला जुळलेले हवेत. ५१२ वर चालणाऱ्या डिस्क असतात, ४०९६ मागणाऱ्याही असतात, म्हणून ४०९६ धरून चालावं आणि पॉझिक्स-मेमअलाइनने बफर घ्यावा. फाइलचं शेवटचं टोक अर्धवट असलं तरी मागणी पूर्ण ब्लॉकचीच करायची, निकालात खरी लांबी येते.

लेखनाबाबत एक गोष्ट पावसाळ्यात घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला वेगळी समजावून सांगायला नको: लाइट कधीही जाते. राइटची पोच आली म्हणजे डेटा डिस्कवर पोहोचला असं नाही, तो पेज कॅशेत पोहोचला. टिकायला हवा असेल तर एफसिंकचा अर्ज द्यायचा, कामाचा क्रमांक ३. पण राइट आणि एफसिंक नुसते एकापाठोपाठ दिले तर एफसिंक आधी धावू शकतो, कारण रांगेत क्रमाची हमी नाही. राइटच्या अर्जावर लिंकचा फ्लॅग लावायचा, किंमत ४. मग राइट पूर्ण झाल्यावरच एफसिंक सुरू होतो. राइट फसला, किंवा मागितल्यापेक्षा कमी लिहिला गेला, तर साखळी तुटते आणि एफसिंकची पोच उणे ईकॅन्सल्ड घेऊन येते. तो एफसिंकचा दोष नाही, आधीच्या पोचेत बघा.

पोचा उचलायला उशीर झाला आणि रांग भरली तर? ५.५ पासूनचं कर्नल जादा पोचा टाकून देत नाही, आत बाजूला ठेवतं, आणि गेटइव्हेंट्ससह एंटर केलं की त्या रांगेत ओततं. तरी त्या भरवशावर राहू नये. एका वेळी हवेत असलेले अर्ज पोचांच्या जागांपेक्षा कमी ठेवणं हा साधा हिशेब आहे, आणि एक काउंटर पुरतो.

एसक्यू-पोल नावाचा प्रकार आहे, त्यात कर्नलचा एक थ्रेड अर्जाच्या रांगेकडे सतत बघत राहतो आणि एंटरचीही गरज उरत नाही. सांगितलं नाही तर एक सेकंद काम न मिळाल्यावर तो झोपतो. तेव्हा रांगेच्या फ्लॅगमध्ये नीड-वेकअप लागतो आणि एंटर करून त्याला उठवावं लागतं. शेपूट लिहिणं आणि फ्लॅग वाचणं यांच्यामध्ये पूर्ण बॅरियर हवा, नाहीतर दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. तो थ्रेड जागा असताना एक पूर्ण सीपीयू कोअर खातो. चार कोअरच्या भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर हे परवडत नाही. माझ्या मते बहुतेकांनी याच्या वाटेला जाऊच नये.

सेटअपच फसला तर क्रमांक बघा. ईनोसिस म्हणजे कर्नल जुनं किंवा हा भाग न घालता बांधलेलं. ईनोमेम म्हणजे लॉक मेमरीची मर्यादा. ५.१२ पूर्वी रिंगची मेमरी त्यात मोजली जायची, आजही रजिस्टर कॉलने आधीच नोंदवलेले बफर मोजले जातात. शेलमध्ये युलिमिट उणे एल करून आकडा बघा. ईपर्म म्हणजे कुणीतरी मुद्दाम बंद केलंय. गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं होतं की त्यांच्या कर्नल बक्षीस योजनेत आलेल्या हल्ल्यांपैकी ६० टक्के आयओ-युरिंगवरचे होते, आणि त्यांनी स्वतःच्या सर्व्हरांवर ते बंद केलं. ६.६ पासून कर्नल-डॉट-आयओ-युरिंग-डिसेबल्ड ही सेटिंग आहे: ० म्हणजे सर्वांना खुलं, १ म्हणजे खास परवानगी असलेल्यांना, २ म्हणजे पूर्ण बंद. डॉकरच्या अलीकडच्या आवृत्त्यांत मूळ सेकॉम्प प्रोफाइलच, म्हणजे कोणते सिस्टीम कॉल चालतील ते ठरवणारी यादीच, हे तिन्ही कॉल अडवतं. लॅपटॉपवर चालतं, कंटेनरमध्ये चालत नाही, असं झालं की आधी इथे बघा. आणि हे कॉल बंद असतील तेव्हा थ्रेड पूलवर उतरायची वाट कोडमध्ये पहिल्या दिवसापासून ठेवा. सुरक्षेचं काम बघणारे लोक हे बंद ठेवतात ते विचार करूनच.

सेटअप चालला पण प्रत्येक वाचनाची पोच उणे ईइन्व्हाल, असं उबुंटू २०.०४ च्या मूळ ५.४ कर्नलवर दिसेल. साधा रीड हा काम-क्रमांक २२ आणि राइट २३, दोन्ही ५.६ मध्ये आले. त्याआधी रीडव्ही, क्रमांक १, एका आयओव्हेकसह वापरायचं. ५.६ पासून रजिस्टर कॉलने प्रोब करून कोणती कामं उपलब्ध आहेत ते विचारता येतं.

पहिल्यांदा उभं करताना काम-क्रमांक शून्य, म्हणजे नॉप, याचे अर्ज पाठवा. युजर-डेटामध्ये १ ते २०० घाला, ६४ जागांच्या रांगेतून फिरवा, आणि सगळे २०० आकडे एकदाच परत आले का ते तपासा. मास्क, अ‍ॅरे, डोकं-शेपूट यांतली चूक इथेच सापडते, फाइलचा संबंध येण्याआधी. पुढे अडलात तर सिस्टीम कॉल दाखवणाऱ्या एसट्रेसवर विसंबू नका. त्यात एंटरचे कॉल दिसतात, आतली वाचनं दिसत नाहीत. प्रॉकमधल्या आपल्या प्रोसेसच्या एफडीइन्फो डिरेक्टरीत रिंगच्या डिस्क्रिप्टरची फाइल उघडा: दोन्ही रांगांची डोकी आणि शेपट्या तिथे आकड्यांत मिळतात. अर्जाच्या रांगेचं शेपूट डोक्याच्या पुढे अडकलं असेल तर एंटर होत नाहीये. पोचेचं शेपूट पुढे असेल तर आपणच पोचा उचलत नाही आहोत.

प्रोग्राम बंद करतानाचा क्रमही ठरलेला आहे. नवे अर्ज थांबवा. रद्द करता येणारे, म्हणजे सॉकेटवर वाट बघणारे, असिंक-कॅन्सलने रद्द करा. डिस्कवर सुरू झालेलं काम सहसा रद्द होत नाही आणि कॅन्सलची पोच उणे ईऑलरेडी येऊ शकते. हवेत असलेल्या अर्जांचा काउंटर शून्य होईपर्यंत पोचा उचलत राहा. मग एमॅप काढा, रिंगचा डिस्क्रिप्टर बंद करा, आणि बफर सर्वांत शेवटी मोकळे करा. डिस्क्रिप्टर आधी बंद केला तर कर्नल आतलं काम मागाहून, आपल्याला न सांगता आवरत असतं, आणि तेवढ्यात मोकळा केलेला बफर दुसऱ्याच कुणाच्या हाती गेलेला असतो.